कोपरखैरणे तीन टाकीजवळचं झेरॉक्स-पार्सलवालं दुकान: पार्सल ठेवायला बरं, फसवे मेसेज तपासायला एक नंबर

आधीच सांगते, चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते खाली येईल. दुकान म्हणजे तीन टाकीच्या मागच्या गल्लीतलं एक शटर. बोर्डावर झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज, पार्सल एवढंच वाचता येतं, बाकी दुकानाचं नाव पावसाने खाल्लंय. काउंटरवर दिवसभर वहिनी असतात, दादा एपीएमसीत माथाडी आहेत, ते मार्केटातनं आले की संध्याकाळचे बसतात. माणसं सातारकडची, बोलायला जरा फटकळ पण हिशोबाला चोख.

काम असं की तुम्ही घरी नसाल तर डिलिव्हरीवाल्याला फोनवर सांगायचं झेरॉक्सवाल्या वहिनींकडे ठेवा, तो ठेवून जातो, वहिनी फुलस्केप वहीत तारीख, तुमचं नाव, मोबाइल नंबर आणि पार्सलवरच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहून घेतात, संध्याकाळी सही करून घेऊन जायचं. छोट्या पार्सलला दहा रुपये, मोठ्या खोक्याला वीस. दुसऱ्या दिवशीवर गेलं तर परत दहा. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पार्सलच्या मालकाला फोन लागल्याशिवाय वहिनी खोका हातातही घेत नाहीत, समोरचा कितीही घाई करू दे, आणि हे मला फार आवडलं कारण न मागवलेली सीओडी पार्सलं शेजाऱ्यांच्या गळ्यात मारून पैसे घेऊन जायचे प्रकार पण चालूच असतात. शेजारी बिचारा चांगुलपणाने पाचशे-सातशे भरतो आणि आत निघतं काय तर जुनं फडकं.

पण हा रिव्ह्यू पार्सलपेक्षा त्या फसव्या मेसेजेससाठी लिहितेय. तोच तो, तुमचं पार्सल वेअरहाउसला पोचलंय, दोनदा डिलिव्हरीचा प्रयत्न केला, पत्ता अपूर्ण आहे, अमुक तासांत खालच्या लिंकवर पत्ता अपडेट करा नाहीतर पार्सल परत जाईल. इंडिया पोस्टच्या नावाने सगळ्यात जास्त फिरतो. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने २०२४ मध्येच हा खोटा असल्याचं सांगितलंय, पोस्ट खातं असे लिंक देऊन पत्ता भरायला लावत नाही. तरी लोक फसतात, आणि शिकलेसवरलेले फसतात. आमच्या इथे तर जास्तच फसायला हवेत असं मला वाटतं कारण इथला पत्ताच तसा आहे. सिडकोची बैठी घरं, त्यावर कुणी दोन मजले चढवलेत कुणी तीन, पत्त्यात एस एस टाइप म्हणजे सिडकोच्या घराचा प्रकार, रूम नंबर, सेक्टर, प्लॉट, आणि गावठाणात गेलात तर नंबर वगैरे विसराच, साई कृपा आणि गणेश छाया नावाच्या बिल्डिंगा किती आहेत ते महानगरपालिकेलाही सांगता येणार नाही. खरा कुरिअरवाला दर वेळी फोन करून विचारतोच, मॅडम लँडमार्क काय? मग पत्ता अपूर्ण आहे असा मेसेज आला की माणसाला तो खराच वाटणार ना. पाठवणाऱ्याने काही अभ्यास केलेला नसतो, तो लाखोंना एकच मजकूर पाठवतो, पण कोपरखैरण्यात, घणसोलीत, ऐरोलीच्या गावठाणात तो बरोब्बर जाऊन बसतो.

मी होते तेव्हा पुढे एक मावशी उभ्या होत्या, हातात मुलाचा जुना आयफोन.

"अगं बघ गं, पोस्टातनं आलंय, पत्ता चुकलाय म्हणतंय, बारा तासांत नाही भरला तर परत जाणार."

"मावशी, तुम्ही काय मागवलंय?"

"मी कशाला मागवू, पोराने मागवलं असेल."

"मग पोराला लावा फोन आधी."

पोरगा महापेला ड्युटीवर, त्याने दोन शब्दांत सांगितलं काही मागवलेलं नाही. तरी मावशींचं समाधान होईना. म्हणाल्या, अगं पण आपला पत्ता अर्धा आहे हे त्यांना कसं कळलं? त्यावर वहिनी लॅमिनेशन मशीनमधनं कुणाचं तरी रेशनकार्ड ओढता ओढता म्हणाल्या, "मावशी, कोपरखैरण्यात कुणाचा पत्ता पूर्ण आहे?" सगळी लाइन हसली. मावशी पण.

मग वहिनींनी फोन हातात न घेता, मावशींच्याच हातात ठेवून, दाखवलं. वर नंबर काय आहे बघा, सुरुवातीला प्लस त्रेसष्ट. आपला प्लस एक्क्याण्णव असतो. प्लस त्रेसष्ट म्हणजे फिलिपिन्स, आता तिकडचा माणूस कोपरखैरण्याच्या पोस्टात काय करतोय? खाली लिंक, त्यात इंडियापोस्ट असं लिहिलेलं आहे पण शेवट डॉट टॉप. खऱ्या साइटचा शेवट जीओव्ही डॉट इन असतो. लिंक वाचायची पद्धत पण त्यांनी छान सांगितली, सुरुवातीला काय लिहिलंय ते सोडा, पहिली एकेरी तिरकी रेघ येते ना, तिच्या अगदी अलीकडे काय आहे ते बघा, घराचा खरा मालक तिथे असतो, पुढे कुणीही कुणाचंही नाव लावतं. आणि मेसेजच्या शेवटी एक ओळ होती जी मी आधी नीट वाचलीच नव्हती कधी: उत्तरात वाय (इंग्रजी अक्षर) पाठवा, मेसेज बंद करून परत उघडा, मग लिंक चालू होईल. हे कशाला? तर अनोळखी माणसाचा आयमेसेज, म्हणजे ॲपलचा इंटरनेटवरनं येणारा मेसेज, आला की आयफोन त्यातली लिंक दाबू देत नाही, पण तुम्ही एकदा रिप्लाय केलात की फोनला वाटतं ओळखीचा आहे, आणि लिंक उघडायला लागते. म्हणजे कुलूप आपल्याकडूनच उघडून घेतात. कुठल्याही खऱ्या कुरिअर कंपनीला तुमच्याकडून असा वाय नको असतो, त्यामुळे ही एक ओळ दिसली तरी पुढे वाचायची गरज नाही.

आता थोडं टेक्निकल, कारण वहिनींचं ज्ञान ज्या पुतण्याकडून आलंय तो टेलिकॉममध्ये आहे आणि त्याने जे सांगितलं ते मी घरी येऊन पडताळलं. आपल्याकडे कंपन्यांचे एसएमएस साध्या दहा आकडी नंबरावरून येत नाहीत, हेडरवरून येतात, म्हणजे दोन अक्षरं, मधे रेघ, मग कंपनीचं छोटं नाव. २०२५ पासून त्याच्या शेवटी अजून एक अक्षर लागतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. टेलिकॉमवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा एसएमएसमध्ये नोंदणी नसलेल्या लिंका अडवायला सुरुवात केली. त्यामुळे चोरांनी रस्ताच बदलला, आयमेसेज, आरसीएस (एसएमएसचा इंटरनेटवरनं चालणारा नवा प्रकार) आणि व्हॉट्सॲप. हे इंटरनेटवरनं येतात, मोबाइल कंपनीच्या एसएमएसच्या चाळणीतनं जातच नाहीत. म्हणून पार्सलचा मेसेज परदेशी नंबरावरनं किंवा कुठल्या तरी विचित्र ईमेल आयडीवरनं आला तर तिथेच समजा. उलट हेडर बरोबर दिसला म्हणून डोळे झाकून विश्वास टाका असंही मी म्हणणार नाही, पण संशयाची पहिली पायरी ती.

फोर्टिनेट म्हणून सायबर सुरक्षेची कंपनी आहे, त्यांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये या इंडिया पोस्टवाल्या प्रकरणाचा माग काढला होता. जानेवारी ते जुलै एवढ्यात पोस्टाच्या नावासारखी दिसणारी ४७० हून जास्त डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, नोंदवलेली त्यांना सापडली. आणि लिंक उघडल्यावर पुढे काय होतं तेही त्यांनी दाखवलं: आधी नाव, पत्ता, ईमेल, फोन, मग परत डिलिव्हरी द्यायची फी म्हणून २५ रुपये २ पैसे, आणि त्यासाठी कार्डाचा नंबर. हे २ पैसे बघा तुम्ही! पंचवीस रुपये सरळ लिहिले असते तर कुणाला शंका आली असती, २ पैसे लावले की सरकारी वाटतं. फी एवढी कमी ठेवायचं कारण पण तेच, पंचवीस रुपयांसाठी कोण डोकं लावतो, रिक्षाला जास्त जातात. त्यांना ते पंचवीस रुपये नकोच असतात, कार्ड हवं असतं.

याच दुकानात एका माणसाने सगळं भरून झाल्यावर विचारलेलं मी ऐकलंय. कार्ड नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं. ओटीपी अजून दिला नव्हता, तोच विचारत होता देऊ का म्हणून. वहिनींनी पहिल्यांदा सांगितलं ओटीपीचा मेसेज मोठ्याने वाचा. वाचला तर रक्कम भलतीच, दुकानाचं नाव पण कुठलं तरी परदेशातलं. म्हणजे पानावर पंचवीस रुपये आणि बँकेच्या मेसेजात काही हजार. आपण सगळे ओटीपीचे सहा आकडेच वाचतो, त्याच मेसेजात रक्कम आणि कुणाला जातेय ते लिहिलेलं असतं, त्यावर नजरच जात नाही. मग बँकेच्या ॲपात कार्ड ब्लॉक करायला लावलं, तिथल्या तिथे, घरी जाऊन बघतो वगैरे काही नाही. आणि एक गोष्ट जी मला माहीत नव्हती, परदेशातल्या बऱ्याच साइट्सवर ओटीपी न मागताच कार्डातनं पैसे जाऊ शकतात, त्यामुळे ओटीपी दिला नाही म्हणजे वाचलो असं नसतं. ॲपात कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद करायचं बटण असतं, आरबीआयच्या नियमामुळे २०२० पासून सगळ्या बँकांना ते द्यावं लागतं. तुम्ही बाहेरच्या साइटवरनं काही घेत नसाल तर आजच बंद करून ठेवा, लागेल तेव्हा चालू करता येतं.

पैसे गेलेच असतील तर १९३०. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर, तिथे सांगितलं की ज्या खात्यात पैसे गेलेत ते अडवायचा प्रयत्न होतो, आणि तो जितका लवकर तितका उपयोगाचा कारण चोर एका खात्यातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात फिरवून काढून टाकतात. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाकायची. बँकेलाही लगेच कळवायचं आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. इथे बरेच जण ऐकीव माहितीवर बोलतात की तीन दिवसांत कळवलं की बँक सगळे पैसे देते. तसं सरसकट नाही. आरबीआयच्या २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांची जी गोष्ट होती ती तुमची चूक नसेल तेव्हाची. त्या परिपत्रकाप्रमाणे तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर कळवेपर्यंत गेलेले पैसे तुमचे, कळवल्यानंतर जे जातील ते बँकेचे. म्हणून दहा मिनिटं लाजण्यात घालवू नका, नवऱ्याला काय सांगू, मुलं काय म्हणतील, ते नंतर.

मेसेज नुसता आलाय, काही गेलं नाही, अशा वेळी सरकारच्या संचार साथी ॲपमधला चक्षू. तिथे स्क्रीनशॉट टाकून कळवता येतं, मागच्या तीस दिवसांतला मेसेज किंवा कॉल चालतो. हे पैसे परत मिळवायचं ठिकाण नाही, ते १९३० चं काम, चक्षू फक्त नंबर कळवायला. आयफोनवर मेसेजच्या खालीच रिपोर्ट जंक येतं, तेही दाबायचं, एका बोटाचं काम आहे.

वहिनींचा एक छापील कागद काउंटरच्या काचेखाली आहे, तिथे तीन प्रश्न लिहिलेत: काय मागवलंय? कुठनं मागवलंय? त्या ॲपात काय दिसतंय? बस. माझ्या मते सगळ्यात उपयोगी हाच कागद. लिंक खरी की खोटी याची चिरफाड करण्यापेक्षा ज्या ॲपातनं मागवलंय ते आपल्या हाताने उघडायचं, तिथे ऑर्डर कुठे पोचलीय ते दिसतंच. स्पीड पोस्ट असेल तर पावतीवर तेरा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, पुढे दोन अक्षरं, मधे नऊ आकडे, शेवटी आय आणि एन, तो पोस्टाच्या साइटवर स्वतः टाकायचा. मेसेजमध्ये ट्रॅकिंग नंबरच नसेल तर विषय संपला. फक्त एक करू नका, कुरिअर कंपनीचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका. खोटे नंबर तिथे पेरलेले असतात, तिकडचा माणूस गोड बोलून पाच रुपये भरायची लिंक देतो किंवा व्हॉट्सॲपवर एक एपीके, म्हणजे ॲप टाकायची फाइल पाठवतो, ती टाकली की तुमचे एसएमएस तिकडे वाचता येतात. नंबर हवा तर पावतीवरचा नाहीतर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा.

अजून एक नवीन निघालंय ते पण या कागदाच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलंय. डिलिव्हरी बॉय बोलतोय म्हणून फोन येतो, तुमचं पार्सल कन्फर्म करायला स्टार एकवीस स्टार आणि पुढे एक मोबाइल नंबर डायल करा सांगतो. ते डायल केलं की तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात, म्हणजे कॉल करून सांगितला जाणारा ओटीपीही. चुकून केलं असेल तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग बंद होतं.

आता पाचवा स्टार.

ती फुलस्केप वही. सगळ्यांची नावं, मोबाइल नंबर, कुणाचं पार्सल कुठल्या कंपनीचं, सगळं उघड्या काउंटरवर पडलेलं असतं. मी सही करताना वरची दहा नावं सहज वाचू शकते. जे दुकान लोकांना फसव्या मेसेजपासून वाचवतं त्याच दुकानात कुणी मोबाइलने एका पानाचा फोटो काढला तर उद्या अमुक ताई तुमचं अमुक पार्सल असा नाव घेऊन मेसेज येईल आणि तो ओळखणं मग सोपं नाही जाणार. वहिनींना बोलले, त्या म्हणाल्या वही आत ठेवते. पुढच्या वेळी बाहेरच होती. रिकामे खोके पण मागे रचून ठेवतात, भंगारवाला नेतो, त्यावरची लेबलं तशीच, नाव, पत्ता, फोन. घरी येणाऱ्या खोक्यांचंही तेच आहे म्हणा, आपल्यापैकी किती जण लेबल फाडून टाकतात? मी आता काळ्या मार्करने खोडते, पाणी शिंपडून खरवडलं तरी निघतं.

दुसरं, पन्नास रुपये घेऊन वहिनी लोकांना सायबर पोर्टलवरची तक्रार भरून देतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी हे मोठं काम आहे, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी लोक आधारचा फोटो, बँक स्टेटमेंट, सगळं दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि ते तिथेच पडून राहतं. भरून झालं की आपल्यासमोर डिलीट करायला सांगा, डाउनलोड फोल्डरमधनं पण. सांगितलं तर करतात, कटकट न करता. स्वतःहून करत नाहीत.

बाकी छोट्या तक्रारी: दुपारी दोन ते पाच शटर खाली. पावसाळ्यात खोके जमिनीवर ठेवल्याने माझ्या एका पार्सलचा तळ भिजला होता, आत प्रेशर कुकर होता म्हणून वाचला, पुस्तकं असती तर लगदा झाला असता. आता खाली प्लास्टिकचे क्रेट टाकलेत म्हणे. दूध, केक, औषधं घेत नाहीत. जूनमध्ये ॲडमिशनच्या वेळी झेरॉक्सची लाइन इतकी असते की पार्सलसाठी पण तेवढंच थांबावं लागतं, वेगळी लाइन करा म्हटलं तर सरळ नाही म्हणाल्या.

सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवणं फुकट पडतं, ज्यांना वॉचमन आहे त्यांनी खुशाल ठेवा, पण आमच्यासारख्या बैठ्या घरवाल्यांना तो पर्याय नाहीच आणि वॉचमन तुमचा मेसेज वाचून लिंकचा शेवट बघा असं सांगणारही नाही. घरात एकटे म्हातारे आईवडील असतील आणि तुम्ही दिवसभर ठाणे-बेलापूर रोडवर कुठेतरी नोकरीला असाल तर त्यांना हे दुकान दाखवून ठेवा. मेसेज आला की काही न दाबता आधी वहिनींना दाखवा, एवढं त्यांना लक्षात राहतं.

मेसेज बघायचे पैसे घेत नाहीत. स्टेशनकडून येत असाल तर तीन टाकीला उतरा, गाडी आणू नका, गल्लीत टेम्पो उभे असतात. एप्रिल-मेमध्ये गावच्या जत्रेला गेले की आठवडाभर बंद असतं, शटरवर कागद लावून जातात, त्यावर दादांचा नंबर असतो.